रोध शून्य झाला, मग चुंबक कशाला?

हायड्राइडांच्या, म्हणजे हायड्रोजनच्या संयुगांच्या, अतिसंवाहकतेबद्दलचा सर्वांत पसरलेला गैरसमज असा, की विजेचा रोध शून्यावर आला म्हणजे काम फत्ते. लँथेनम हायड्राइडचा रोध उणे २३ अंश सेल्सिअसच्या आसपास कोसळतो, हे जर्मनीतल्या माइन्त्स इथल्या माक्स प्लांक संस्थेच्या गटाने २०१९ मध्ये दाखवलं. पण व्होल्टेज मोजणारी जोडणी बिघडली, तरीही रोध एकाएकी घसरलेला दिसू शकतो. म्हणून चुंबकाची कसोटी लागते. नुसता आदर्श वाहक चुंबकीय क्षेत्रात थंड केला, तर आत शिरलेलं क्षेत्र तसंच राहतं. अतिसंवाहक ते बाहेर हाकलतो. माइसनर आणि ओक्सनफेल्ड यांनी ही हकालपट्टी १९३३ मध्ये पाहिली.

‘मग चुंबकावर तरंगवून दाखवा की!’ तेच जमत नाही. नमुना जेमतेम केसाच्या जाडीएवढा, दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबलेला; दाब वातावरणाच्या सुमारे सतरा लाख पट. हिरे धरून ठेवणाऱ्या धातूच्या साच्याचा चुंबकीय प्रतिसाद नमुन्यापेक्षा कितीतरी मोठा. तो वजा केल्यावरच नमुन्याचा आकडा हाती येतो, आणि बरीच भांडणं या वजाबाकीवरून. कार्बन-गंधक-हायड्रोजनच्या संयुगात १५ अंशांना अतिसंवाहकता मिळाल्याचा २०२० चा निबंध ‘नेचर’ने २०२२ मध्ये मागे घेतला, तो चुंबकीय मोजमापातली ही वजाबाकी रूढ पद्धतीने केलेली नव्हती म्हणून.

यावरून ‘हायड्राइडांचं सगळंच थोतांड’ म्हणणं हा उलट्या बाजूचा गैरसमज. माइन्त्सच्या गटाने २०२३ मध्ये वेगळी वाट काढली: नमुन्यात क्षेत्र अडकवायचं, बाहेरचं क्षेत्र बंद करायचं आणि आत काय उरलं ते मोजायचं. क्षेत्र हाकलणाऱ्या पदार्थात ते अडकतं कसं? हे नमुने सदोष असतात. दोषांच्या जागी क्षेत्राचे धागे रुतून बसतात. बाहेरचं क्षेत्रच नसल्यामुळे साच्याची लुडबुड खूप कमी होते. २०२४ मध्ये सीरियम हायड्राइडवर आणखी नामी प्रयोग झाला. दाब देणाऱ्या हिऱ्याच्या टोकातच नायट्रोजनचे सूक्ष्म दोष पेरून त्यांनाच क्षेत्रमापक केलं. नमुन्यावर कुठे क्षेत्र हटलं, कुठे नाही, याचा नकाशाच निघाला. अतिसंवाहकता नमुनाभर सारखी पसरलेली नव्हती. मला वाटतं, अनेक वादांचं मूळ इथेच आहे.

अतिसंवाहकता बाजूला ठेवली, तरी हायड्राइडांच्या चुंबकत्वाबद्दल आणखी एक गैरसमज आहे. ‘हायड्रोजन मिसळला की धातूचं चुंबकत्व वाढतं’ हेही सरसकट खरं नाही. युरेनियम लोहचुंबकीय नाही, त्याचं हायड्राइड थंड केल्यावर लोहचुंबकीय होतं. पॅलॅडियमचं मात्र हायड्रोजन शोषताना उरलंसुरलं चुंबकत्वही ओसरतं.

अतिसंवाहकतेची पुढची सनसनाटी बातमी आली, की आधी दोन प्रश्न विचारा: दाब किती होता, आणि वजाबाकीपूर्वीचे चुंबकीय आकडे कुठे आहेत?