शेवटचा घास आणि रात्रपाळी

एप्रिलमधल्या सोलापुरात ऊन उतरल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नाही. पक्षीही नाहीत. इथल्या एका तलावाचं कागदोपत्री नाव धर्मवीर संभाजी तलाव. जुन्या सोलापूरकरांच्या तोंडी मात्र अजून कंबर तलावच. त्याच्या काठी एक बाभूळ आहे, निम्मी वाळलेली. वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला लिंबू जाईल एवढं भोक. सहा वाजता तिथं जाऊन बसलं की पावणेसातला सूर्य मावळेपर्यंत बघायला पुष्कळ असतं.

ते घर मराठा सुतार पक्ष्याचं. पाठ काळी-पांढरी ठिपक्यांची, छातीवर तपकिरी रेघा, पोटावर लालसर डाग, कपाळ पिवळं. नराच्या डोक्यामागे लाल पट्टा असतो, मादीला तो नसतो. जॉन लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञानं १८०१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नावात ‘मराट्टेन्सिस’ घातलं, म्हणजे मराठ्यांच्या मुलखातला. पक्षी थेट व्हिएतनामपर्यंत आढळतो, पण नावात गाव आपलंच!

आई किंवा बाप येतो तो आधी खोडावर, भोकापासून हातभर दूर. दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि ताठ शेपटीचा खोडाला टेकू. चोचीत अळी वळवळत असते. ही अळी काढण्याचं हत्यार म्हणजे जीभ. तिला आधार देणारी लवचिक हाडं कवटीला मागून वळसा घालून डोक्यावरून पुढे येतात. म्हणून ती चोचीबाहेर इतकी लांब जाते. टोकाला काटे, वर चिकट लाळ. सोनपाठी सुतार हा याचा थोरला भाऊबंद. त्याची रीत निराळी. तो मुंग्या गिळून आणतो आणि पिल्लांच्या घशात ओकतो.

भोकाच्या आत अंधार. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचे डोळे मिटलेले, अंगावर पीसही नाही. त्यांच्या चोचीच्या मुळाशी मांसल फुगवटे असतात. तिथं आईच्या चोचीचा स्पर्श झाला की तोंड आपोआप उघडतं. मी बघत होतो ती पिल्लं मात्र मोठी होती, कारण पालक आता घास द्यायला आत शिरत नव्हते; भोकातून एक डोकंच बाहेर यायचं आणि घास ओढून घ्यायचं. आतल्या बाकीच्यांचा कलकलाट काठावर ऐकू येई.

चोचीनं लाकडावर इतके ठोके मारून या पक्ष्याचं डोकं दुखत नाही का, हा प्रश्न हमखास येतो. कवटीत धक्के शोषणारी स्पंजासारखी सोय आहे, असं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो. बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातल्या संशोधकांनी सुतारांच्या ठोक्यांचं वेगवान चित्रण करून २०२२ मध्ये हे खोडून काढलं. डोकं ताठ हातोड्यासारखंच आदळतं. धक्का शोषला गेला असता तर लाकडावरचा घावच कमी पडला असता. हातोड्याला रबर बांधणारा सुतार कुणी पाहिलाय? मेंदू वाचतो तो मुळात लहान असल्यामुळे.

सूर्य टेकला तशा फेऱ्या वाढल्या. मादीनं एक घास दिला, पिल्लाची पांढरी विष्ठेची पिशवी चोचीत धरली आणि निघून गेली. ती परतली नाही. सुतारांच्या कुळात रात्रपाळी बहुधा बापाकडे असते. अंडी असतानाही रात्री तीच पाळी. मादी दुसऱ्या ढोलीत झोपते. गिरण्यांच्या या गावाला रात्रपाळी काय समजावून सांगायची!

पक्ष्यांवर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींच्या गावात झाडाखाली दुर्बीण घेऊन बसलेल्या माणसाला कुणी वेडा म्हणत नाही. तरी फिरायला आलेल्या एका आजोबांनी विचारलंच, “काय सापडलं का?” मी बोट दाखवलं, तेव्हा नर फांदीवर उतरत होता. त्यानं घास दिला, खोडाला बिलगून क्षणभर थांबला, मग पिल्लाला मागे सारत आत शिरला. दोन मिनिटांनी भोकात त्याचं डोकं दिसलं. तलावापलीकडचे दिवे लागले तेव्हा तेही आत गेलं.