दुधाच्या पिशवीतले पांढरे कण नेमकं काय करतात?

पहाटे बदलापूर, अंबरनाथ स्टेशनांबाहेर दुधाचे क्रेट उतरतात, तेव्हा एखाद्या क्रेटच्या तळाशी दूध साचलेलं दिसतं. पिशवी गळकी निघाली की दोष बहुतेक वेळा सीलचा किंवा आदळआपटीचा असतो. पण कधी कधी कारण प्लास्टिकच्या आतच असतं. पांढऱ्या रंगाची एक न फुटलेली गुठळी.

पिशवी मुळात पांढरी कशाला?

पॉलिथिन स्वतः धुरकट पारदर्शक असतं. पण उजेडात दुधातलं ब-२ जीवनसत्त्व नष्ट होतं आणि चवही बिघडते. म्हणून फिल्ममध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे कण घालतात. हे कण साधारण २०० ते ३०० नॅनोमीटरचे, म्हणजे दिसणाऱ्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या निम्म्याच्या आसपास. याच आकाराला ते प्रकाश सर्वाधिक विखुरतात. १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांनाच नॅनोकण म्हणतात, त्यामुळे हे त्यांचे थोरले भाऊ म्हणायचे. कण आणखी बारीक केले तर पांढरेपणाच जातो. काही सनस्क्रीन चेहऱ्यावर पांढरं दिसत नाही, ते याच कारणाने.

आता हिशेब पाहा. पिशवीची फिल्म साधारण ५० मायक्रॉन जाड, बहुतेकदा तीन थरांची. एक कण त्या जाडीच्या दोनशेव्या भागाएवढा, त्याचा त्रास काहीच नाही. पण कण चिकटून २० मायक्रॉनची गुठळी झाली, तर तिने एक अख्खा थर व्यापला. फिल्म ताणली की प्लास्टिक ताणलं जातं, गुठळी नाही. तिच्या कडेला फट पडते.

कण आपोआप का पसरत नाहीत?

पाण्यात शाईचा थेंब टाकला की तो पसरतो. वितळलेल्या प्लास्टिकमध्ये तसं होत नाही. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार, द्रव जितका दाट तितकी कणाची हालचाल मंद. पाव मायक्रॉनचा कण पाण्यात एका सेकंदात साधारण दोन मायक्रॉन सरकतो. वितळलेलं पॉलिथिन पाण्याच्या काही लाखपट ते कोटीपट दाट असतं. त्यात तोच कण तासाभरातही स्वतःच्या रुंदीइतका सरकेल याची खात्री नाही. आणि एक्स्ट्रूडरमध्ये प्लास्टिक असतं जेमतेम काही मिनिटं.

त्यामुळे पसरवण्याचं काम यंत्राच्या स्क्रूलाच करावं लागतं. आधी भरपूर रंग घालून मास्टरबॅचचा दाणा बनवतात आणि तो साध्या दाण्यात मिसळतात. कणांवर आवरणही चढवलेलं असतं. नाहीतर पॉलिथिनशी न जमणारे हे कण एकमेकांनाच चिकटतात. एवढं करूनही गुठळी राहिली, तर फिल्मचा फुगा थंड झाल्यावर ती कायमचीच.

खऱ्या नॅनोकणांची गोष्ट मात्र वेगळी आहे. पॉलिमरच्या लांब साखळ्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. त्या गुंत्यातल्या फटींपेक्षा कण लहान असेल, तर तो आइन्स्टाइनच्या सूत्रापेक्षा बराच वेगाने निसटतो. फिल्म फारच पातळ असेल, तर साखळ्या कणांना पृष्ठभागाकडे किंवा भेगांकडे ढकलूही शकतात. थरांच्या फिल्ममध्ये नॅनोकण भेगांपाशी गोळा होतात, हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स आणि पिट्सबर्ग विद्यापीठांच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. स्वतःच भेग बुजवणारी फिल्म बनवता येईल का, हा त्यामागचा प्रश्न. दुधाच्या पिशवीपर्यंत हे अजून आलेलं नाही.

मग कण दुधात उतरतात का?

युरोपीय संघाने २०२२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडवर बंदी घातल्यापासून ही शंका विचारली जाते. ती बंदी खाद्यपदार्थांत घालण्यावर आहे, वेष्टनावर नाही. फ्रिजमधल्या घट्ट फिल्ममध्ये एवढा मोठा कण व्यवहारात हलतच नाही. सुटण्याची शक्यता असते ती कापलेल्या किंवा घासलेल्या कडेपाशी. पिशवीचा कोपरा कापून तुकडा पातेल्यात पडू न देणं शहाणपणाचं आहेच, पण ते गिळलं जाऊ नये म्हणून.

खरी अडचण पिशवी रिकामी झाल्यावर सुरू होते. राज्याच्या २०१८ च्या प्लास्टिकबंदीत दुधाच्या पिशव्यांना सूट मिळाली, ती किमान ५० मायक्रॉन जाडी आणि रिकामी पिशवी परत घेण्याच्या अटीवर. उल्हासनगरात पातळ पिशव्यांवर महापालिकेच्या धाडी पडतात, पण दुधाची पिशवी त्यातून सुटते. ती भंगारात गेली, तरी पांढरे कण आणि छपाईची शाई प्लास्टिकमधून वेगळी काढणं सोपं नसतं. वितळवल्यावर सगळ्याचा मिळून राखाडी दाणा होतो. त्यात गुठळ्या आणि कचरा असला तर पातळ फिल्म ओढताना फुगा फुटतो. म्हणून या दाण्यातून सहसा जाड पाइप किंवा काळ्या रंगाचा माल निघतो, दुधाची नवी पिशवी नाही.