उधारीचे पोते आणि पाटसची वही

‘उधारीचे पोते, सव्वा हात रिते’ ही म्हण गिऱ्हाइकाला सावध करते. उधार घेतलेला माल मापात कमी भरतो, एवढाच तिचा अर्थ. दुकानदाराचे पोतेही उधारीने रिते होते, ही बाजू म्हणीत आलेली नाही. या लेखात मला ती बाजू तपासायची आहे.

पाटस हे दौंड तालुक्यातले, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. इथे भीमा सहकारी साखर कारखाना आहे आणि जवळच कुरकुंभची औद्योगिक वसाहत. त्यामुळे बाजारपेठेतल्या उधारीची दोन पंचांगे आहेत. पगारदार गिऱ्हाईक महिन्याच्या हिशेबाने चालते, तर शेतकरी गिऱ्हाईक उसाच्या बिलाच्या हिशेबाने. खतांच्या दुकानात ‘पैसे कधी देणार?’ या प्रश्नाचे खरे रूप ‘तोड कधी येणार?’ असे असते.

ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज द्यावे लागते. कोणत्याही कारखान्याचे बिल लांबले की उशीर खाली झिरपतो. शेतकरी दुकानदाराचे थकवतो, दुकानदार घाऊक व्यापाऱ्याचे. शेतकऱ्याच्या बाजूने निदान कायद्याचे व्याज आहे. आधी काही ठरवून न घेतलेल्या किराणावाल्याकडे तगाद्याशिवाय फारसे काही उरत नाही. म्हणून ज्याला बुडवायचे आहे आणि ज्याचेच अडकले आहे, अशी दोन गिऱ्हाइके वसुलीला निघण्यापूर्वी वेगळी ओळखावी लागतात. पहिल्याचा माल थांबवावा. दुसऱ्याला हप्ता बांधून द्यावा.

पण हप्ता बांधायचा तर बाकी किती, यावर दोघांचे एकमत हवे. याच परिसराने तो धडा फार महागात घेतला आहे. पाटसहून फार दूर नसलेल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी बाजारासाठी जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. दख्खनच्या दंग्यांची ती सुरुवात. जमावाचा मुख्य रोख कर्जखतांवर आणि वह्यांवर होता. त्या हिसकावून जाळल्या गेल्या. कापसाचे भाव कोसळले होते, साऱ्याचा बोजा होता, हे खरेच. पण ज्या वहीत काय लिहिले आहे हे ऋणकोला कधी कळत नव्हते, ती वही त्याला शत्रू वाटली, हेही तितकेच खरे. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुढे सावकारावर पावती देण्याचे, हिशेबाचा उतारा देण्याचे आणि मागितल्यास पासबुक देण्याचे बंधन घातले. सरकारला जे दंग्यानंतर सुचले, ते आजच्या दुकानदाराने आपणहून करावे: महिन्याला बाकीचा आकडा गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा.

आजचा कायदाही दुकानदाराच्या एकट्याच्या वहीवर विसंबत नाही. नियमित ठेवलेल्या खतावणीतील नोंद पुरावा म्हणून चालते, पण केवळ तिच्या बळावर कोणावर देणे लादता येत नाही. सोबत सहीचे बिल किंवा माल पोचल्याचे चलन लागते. उधारीची मुदत ठरलेली नसेल, तर माल दिल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. मुदत ठरली असेल, तर ती संपल्यापासून ३ वर्षे. मात्र ही ३ वर्षे संपण्याआधी ऋणकोने बाकी लेखी कबूल करून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत नव्याने मोजली जाते. दुकानदाराने मोबाइलवर पाठवलेला आकडा म्हणजे गिऱ्हाइकाची कबुली नव्हे.

कारखान्यांना सुटे भाग करून देणाऱ्या किंवा वेल्डिंगची कामे घेणाऱ्या छोट्या उद्योजकाची स्थिती वेगळी आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि करार काहीही असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. मुदत लेखी ठरलेली नसेल, तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. दाद सुलभीकरण परिषदेकडे मागता येते. मात्र त्यासाठी उद्यम नोंदणी काम घेण्यापूर्वीच केलेली बरी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या दुकानदाराला या संरक्षणाचा लाभ नाही. त्याचे संरक्षण त्याने स्वतःच उभे करायचे: प्रत्येक खात्याला उधारीची मर्यादा, बिलावर देय तारीख, आणि मागची बाकी चुकल्याखेरीज पुढचा माल नाही.

हा नियम तोंडावर सांगणे गावात अवघड जाते. गिऱ्हाईक भावकीतले असते, सोयरे असते. तारीख बिलावर आधीच छापलेली असली, की तगाद्याची कटुता कमी होते; आठवण करून देणे सोपे जाते.

लक्ष्मीपूजनाला आपल्याकडे नवी वही पुजतात आणि ‘मागील बाकी’ पहिल्या पानावर ओढतात. या चालीला एकच जोड हवी: बाकी ओढण्यापूर्वी गिऱ्हाइकाला जुने पान दाखवावे, आकडा पटवून घ्यावा आणि तारखेसह त्याखाली त्याची सही घ्यावी. आकडा पटला नाही, तर वाद दोन-चार महिन्यांच्या खरेदीपुरता राहतो, दहा वर्षांचा होत नाही.