पहिल्या वर्षाची धुरा बदलते तेव्हा

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. प्रवेशाचे दिवस आले, की परिसरातली बारावी झालेली मुलंमुली इथूनच पांगतात. कुणी ओतूरच्या अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालयात, कुणी नारायणगावला, कुणी जुन्नरच्या शिवछत्रपती महाविद्यालयात, तर कुणी बेल्हे किंवा कुरणच्या इंजिनीअरिंग कॉलेजात. कॉलेजची पायरी चढणारं घरातलं पहिलंच पोर, अशी यातल्या अनेकांची ओळख असते.

अशा मुलांना सुरुवातीचे काही आठवडे हात धरून आत घ्यावं, हा विचार आपल्याकडे उशिरा रुजला. आयआयटी गांधीनगरने २०११मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी पाच आठवड्यांचा पायाभूत कार्यक्रम सुरू केला. खेळ, कला, समाजकार्य आधी आणि नेहमीचे तास त्यानंतर, असा तो धाडसी क्रम होता. पुढे तंत्रशिक्षण परिषदेने इंजिनीअरिंग कॉलेजांसाठी तीन आठवड्यांचा उपक्रम आखला, तर २०१९मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्वच महाविद्यालयांसाठी ‘दीक्षारंभ’ आणला. कल्पना साधी आहे: साधारण वीस विद्यार्थ्यांच्या गटामागे एक मार्गदर्शक प्राध्यापक आणि मदतीला वरच्या वर्गातली मुलं.

पण असा उपक्रम ज्याच्या खांद्यावर असतो, तो माणूस बदलला तर?

गांधीनगरचे संस्थापक संचालक सुधीर जैन जानेवारी २०२२मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून गेले आणि त्याच वर्षी रजत मूना यांनी सूत्रं घेतली. पायाभूत कार्यक्रम मात्र थांबला नाही. तो संस्थेच्या वेळापत्रकातच पक्का बसलेला होता.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातही याच सुमारास खांदेपालट झाला. डॉ. नितीन करमळकर यांची मुदत मे २०२२मध्ये संपली, डॉ. कारभारी काळे यांनी अतिरिक्त कार्यभार पाहिला आणि जून २०२३मध्ये डॉ. सुरेश गोसावी पूर्णवेळ कुलगुरू झाले. पुढच्याच वर्षी, २०२४-२५पासून, संलग्न महाविद्यालयांच्या प्रथम वर्षाला नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट हे सगळं शिकवणाऱ्यालाच नव्याने समजून घ्यावं लागलं. मग शेतात राबणाऱ्या आईबापांना ते कोण सांगणार?

तो भार येतो कॉलेजातल्या समन्वयकावर. कुलगुरू बदलल्याचं विद्यार्थ्याला बातमीतून कळतं, समन्वयक बदलल्याचं मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतं. ही जबाबदारी बहुधा नेहमीच्या तासांवर वरून आलेली असते. ज्या विभागांत शिकवण्याची मदार तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर आहे, तिथे त्यांची नेमणूकच वर्षापुरती. पुढच्या जूनला नवा माणूस, नवी सुरुवात.

यात हरवतं ते कुठल्याही परिपत्रकात नसलेलं ज्ञान. कोणत्या गावाची एसटी किती वाजता सुटते आणि म्हणून गटाची बैठक दुपारीच का घ्यायची. जुन्नरच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांतून आलेल्या मुलीला वसतिगृहाचा अर्ज भरायला कुणाची सोबत लागते. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावर अडतो, की बँक खातं आधारला न जोडल्यामुळे. अशा अडचणी वेळेत सुटल्या नाहीत, तर मूल हळूहळू वर्गात दिसेनासं होतं.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. जुन्या समन्वयकाने निघण्याआधी, मे महिन्यातच, नव्या समन्वयकासोबत बसून गटांच्या याद्या, अडचणींची नोंदवही आणि तहसील व वसतिगृहातल्या संपर्कांची माहिती सोपवावी. जबाबदारी एकाऐवजी दोघांकडे द्यावी आणि दोघांना एकाच वेळी बदलू नये. त्या कामाचे तास अधिकृत कार्यभारात धरावेत. आणि दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना या कामात मानाने घ्यावं. कोणता दाखला कुठे अडतो, हे त्यांनी वर्षभरापूर्वीच सोसलेलं असतं, आणि प्राध्यापक बदलले तरी ती मुलं अजून दोन वर्षं कॉलेजातच असतात.