तीन मिलिमीटर लाकूड, नव्वद वर्षं

1930च्या दशकातली मार्टिन डी-28 गिटार चांगल्या अवस्थेत मिळाली, तर आज सौदा लाख डॉलरच्या घरात जातो. नवी असताना ती सुमारे 100 डॉलरला मिळायची. महागाई धरली तरी हा हिशेब जुळत नाही, आणि नुसत्या जुनेपणानंही तो जुळणार नाही. लोक ज्या गोष्टीसाठी हे पैसे मोजतात, ती गोष्ट खुद्द कारखान्यानं 1944च्या अखेरीस दोष समजून बंद केली होती.

हा दोष बाहेरून दिसत नाही. गिटारची वरची फळी (सतारीच्या भाषेत तबली म्हणू, सोयीचं पडतं) स्प्रूस लाकडाच्या दोन फळ्या जोडून केलेली, जाडीला जेमतेम तीन मिलिमीटर. तिच्यावर सहा पोलादी तारांचा मिळून 75 ते 85 किलोंचा ताण, रात्रंदिवस. ती खचू नये म्हणून तिला आतून लाकडी पट्ट्यांचा आधार देतात. मुख्य दोन पट्ट्या फुलीच्या आकारात एकमेकींना छेदतात. तीसच्या दशकात मार्टिनचे कारागीर या पट्ट्या मधेमधे तासून खोलगट करत. पट्टी हलकी झाली की तबली मोकळेपणानं थरथरते, खर्ज भरून येतो, नुसतं बोट टेकवलं तरी गिटार बोलते. पण जाड तारा लावल्या की हीच पट्टी हार खाते. ब्रिजच्या मागं तबलीला पोट सुटतं आणि ब्रिजच्या पुढं ती बसते. जी गिटार सर्वांत छान वाजते, तीच सर्वांत आधी वाकते. हे भांडण आजही मिटलेलं नाही.

मुळात ही फुली पोलादी तारांसाठी नव्हतीच. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा सॅक्सनीतल्या मार्कन्यूकिर्खेन गावचा. तिथं व्हायोलिनवाल्यांच्या संघाचं म्हणणं होतं की गिटार बनवणं हे कपाटं बनवणाऱ्या सुतारांचं कामच नाही, आणि मार्टिन सुतारांच्या बाजूचा. त्या कटकटीला कंटाळून त्यानं 1833 साली न्यूयॉर्क गाठलं आणि काही वर्षांतच पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथला बस्तान हलवलं. 1840च्या दशकात त्याच्या गिटारींत फुलीच्या पट्ट्या दिसू लागल्या, त्या आतड्याच्या तारांसाठी. आतड्याच्या तारांची ओढ पोलादी तारांपेक्षा बरीच कमी असते.

पोलाद आलं ते हवाईकडून. 1915च्या सॅन फ्रान्सिस्को प्रदर्शनानंतर अमेरिकेला हवाईयन संगीतानं झपाटलं. मांडीवर गिटार आडवी ठेवून तारांवरून लोखंडी कांडी फिरवायची, तर तारा पोलादीच हव्यात. (हीच लाट पुढं कोलकात्याला लागली, आणि हिंदी गाण्यांच्या धुनांच्या रेकॉर्डींवर बसून मराठी दिवाणखान्यांतही आली. एका पिढीसाठी गिटार म्हणजे हवाईयन गिटारच होती.) 1922पासून मार्टिन कंपनी पोलादी तारांसाठी नेमानं गिटारी बांधू लागली. त्याआधी 1916मध्ये बोस्टनच्या ऑलिव्हर डिटसन कंपनीसाठी तिनं एक अवाढव्य गिटार केली होती आणि तिला ब्रिटिश युद्धनौकेवरून ‘ड्रेडनॉट’ नाव पडलं होतं. 1931मध्ये हाच धिप्पाड आकार मार्टिननं स्वतःच्या नावानं बाजारात आणला. डी-18 आणि डी-28 त्यातल्याच. दरम्यान 1929मध्ये पेरी बेक्टेल या बँजोवादकाच्या मागणीवरून चौदा फ्रेट मोकळ्या असलेली लांब मानेची गिटारही निघाली होती. 1934च्या सुमारास मोठा आकार, लांब मान आणि कोरलेल्या पट्ट्या एका गिटारीत आल्या. मंदीच्या दिवसांत, ध्वनिवर्धकाशिवाय, बँजो आणि फिडलच्या गलक्यात ऐकू जाणारी गिटार हवी होती. ती मिळाली.

हा काळ दहाएक वर्षांचा. वादकांना आणखी आवाज हवा होता, म्हणून ते जाडजूड तारा चढवत राहिले. गिटारी पोटं सुटून कारखान्यात परत येऊ लागल्या. पट्ट्या कोरणं थांबलं, तबली घट्ट झाली, गिटार टिकाऊ झाली. कडेची माशाच्या काट्यांसारख्या नक्षीची ‘हेरिंगबोन’ पट्टी जर्मनीतून यायची. युद्धात ती वाट बंद झाली आणि उरलेला साठा संपला तशी तीही गेली. पुढं खरेदीदारांना हीच नक्षी ओळखखूण म्हणून उपयोगी पडली, कारण आतली कोरीव पट्टी दुकानात उभ्या उभ्या दिसत नाही.

तेव्हा या बदलाबद्दल कुणी अश्रू ढाळले नाहीत. जुन्या गिटारी म्हणजे वापरलेल्या गिटारी, नव्यापेक्षा स्वस्त, एवढंच. साठच्या दशकात लोकसंगीताची लाट आली आणि मार्टिनला मागणी पुरवेना. 1964मध्ये नाझरेथलाच नवा कारखाना उभा राहिला. 1971मध्ये वर्षाला बावीस हजारांवर गिटारी निघत होत्या. नेमक्या याच वर्षांत वादकांना जुनी आणि नवी अशा दोन्ही गिटारी शेजारी शेजारी वाजवून पाहता आल्या, आणि कानांनी निकाल दिला.

या सगळ्या उलाढालीचा मागोवा एकाच गिटारवरून घेता येतो: क्रमांक 58957, साल 1935, डी-28.

ही गिटार क्लॅरेन्स व्हाइट या कॅलिफोर्नियातल्या पोराच्या हाती 1959च्या सुमारास आली. किंमत 25 डॉलर सांगतात, आणि तिची अवस्था पाहता ती कमीही वाटत नाही. मूळची फिंगरबोर्डची पट्टी गेलेली, तिच्या जागी दुसऱ्याच कंपनीची बसवलेली. डोक्यावर मार्टिनचं नाव नाही. मधलं भोक कुणीतरी तासून मोठं केलेलं. आज जुन्या गिटारची खुंटी बदललेली असली तरी दलाल नाक मुरडतात. त्यांच्या हिशेबानं ही गिटार भंगारात जायची. पण भोक मोठं झालं की पोकळीतल्या हवेचा स्वर वर चढतो, खर्जाची घुमारी ओसरते आणि मधले सूर सुटे, स्वच्छ ऐकू येतात. ब्लूग्रास संगीतात गिटारचं काम तोवर ठेका धरण्याचं. व्हाइटनं केंटकी कर्नल्स या बँडमध्ये तिच्यावर फिडलसारख्या धावत्या सुरावटी वाजवल्या. त्यासाठी खर्जानं गढूळ न होणारी गिटारच लागत होती. कुणाच्या तरी अडाणी हातांनी केलेली मोडतोड अशी कामी आली.

1960मध्ये नऊ वर्षांच्या टोनी राइसनं लॉस एंजेलिसकडच्या एका रेडिओ कार्यक्रमात ही गिटार पाहिली. व्हाइटनं ती त्याला वाजवायलाही दिली. पुढं साठच्या दशकाच्या मध्यावर पैशांच्या अडचणीत ती व्हाइटच्या हातून गेली. तो विजेच्या गिटारकडे वळला, ‘द बर्ड्स’ या बँडमध्ये गेला आणि 1973च्या जुलैत, कार्यक्रमानंतर गाडीत सामान भरत असताना एका मद्यधुंद चालकानं त्याला उडवलं. वय 29. दोन वर्षांनी राइसनं ती गिटार शोधून काढली आणि 550 डॉलरना घेतली. 1975 सालीसुद्धा, व्हाइटचं नाव जोडलेलं असताना, 550!

त्यानंतरची चार दशकं ही गिटार काचेच्या कपाटात नव्हती. जे. डी. क्रो यांच्यासोबत 1975ची प्रसिद्ध रेकॉर्ड, मग डेव्हिड ग्रिसमनच्या पाच जणांच्या ताफ्याची 1977ची जॅझकडे झुकलेली रेकॉर्ड, 1979ची ‘मँझनिटा’. राइसच्या तारा फिंगरबोर्डला जवळजवळ चिकटलेल्या असत. इतक्या खाली तारा ठेवून खरखर होऊ न देणं हे उजव्या हाताचं काम, आणि तो हात दुसऱ्या कुणाला लाभला नाही. त्याच्या पसंतीची नवी गिटार सांता क्रूझ कंपनीनं काढली तेव्हा तिचं भोक मुद्दाम मोठं ठेवलं. 1993मध्ये फ्लोरिडातल्या वादळात राइसच्या घरात समुद्राचं पाणी शिरलं आणि गिटार बुडाली. त्या काळच्या गिटारी सुताराच्या सरसानं जोडलेल्या असत. सरस पाण्यानं आणि वाफेनं सुटतो, हा त्याचा अवगुण. पण सुटलेला सांधा साफ करून पुन्हा जुळवता येतो. आधुनिक गोंदाला ते जमत नाही. गिटार वाळवली, जोडली, परत मंचावर आली. राइसचा गाण्याचा आवाज पुढच्याच वर्षी गेला. गिटार मात्र तो 2013पर्यंत लोकांपुढं वाजवत होता. 2020च्या नाताळच्या दिवशी तो गेला.

जपून ठेवलेल्या गिटारींचं काय होतं, तेही पाहायला मिळालंच. मार्टिनच्या संग्रहालयानं 1870च्या दशकातली एक गिटार ‘द हेटफुल एट’ या चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी उसनी दिली. फोडायच्या क्षणी तिच्या जागी नक्कल आणायची होती. ती आणलीच गेली नाही. कर्ट रसेलनं पात्राच्या आवेशात खरी गिटार खांबावर आपटली. पडद्यावर जेनिफर जेसन ली दचकून किंचाळते, ते दचकणं खरं आहे. त्यानंतर संग्रहालयानं उसनी गिटार देणं बंद केलं.

आता शिसवाबद्दल. डी-28च्या पाठीला आणि कडांना 1969पर्यंत ब्राझीलचं रोझवूड असे. ब्राझीलनं ओंडके बाहेर पाठवण्यावर निर्बंध आणले तसं मार्टिननं भारतातलं रोझवूड घेतलं, म्हणजे आपलं शिसव, डाल्बर्जिया लॅटिफोलिया. वाड्यातल्या शिसवी पलंगाचं, कोकणातल्या पेटाऱ्याचं झाड. माझ्याकडची गिटार सत्तरच्या दशकातली, याच शिसवाची. भोकातून टॉर्च मारला की मानेच्या ठोकळ्यावर ठोकलेला क्रमांक दिसतो आणि आरसा आत सरकवला की न कोरलेल्या, सरळसोट पट्ट्या. शेजारी बसून जुनी गिटार वाजवणारा मित्र असेल तर माझ्या गिटारचं बोलणं जरा तोंडात पान धरल्यासारखं वाटतं, हे मान्य करतो. पण एकट्यानं वाजवताना काही कमी वाटत नाही. ब्राझीलच्या लाकडानं आवाजात जादू येते असं सांगणारे पुष्कळ. मला ती डोळे मिटून ओळखता येत नाही, आणि छातीठोक ओळखणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तबली आणि पट्ट्यांचा फरक मात्र कुणालाही ऐकू येईल.

कागदपत्रांचा फरकही मोठा आहे. ब्राझीलचं रोझवूड 1992पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सर्वांत कडक यादीत आहे. तसली गिटार घेऊन सीमा ओलांडायची तर परवाना हवा. 2017मध्ये डाल्बर्जियाच्या बाकी जातींवरही नियम आले आणि वाद्यवाले हवालदिल झाले. 2019च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. माझी गिटार पुण्याला न्यायला अडचण फक्त हवेची. गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. इथं न्यू जर्सीत हिवाळ्यात हीटर चालू झाले की घरची हवा त्याच्या निम्म्यावर येते आणि लाकूड आकसून तडकतं. पुण्याच्या पावसाळ्यात उलट, तबली फुगते आणि तारा वर उचलल्या जातात.

तारांच्या ओढीनं मानेचा कोन मात्र कुठंही बदलतोच, कंपनी कुठलीही असो. मग मान काढून पुन्हा बसवावी लागते. कारागीर पंधरावी फ्रेट उपटतो, तिच्या खाचेतून बारीक भोक पाडतो आणि सुईनं आतल्या सांध्यात वाफ सोडतो. काही मिनिटांत सरस मऊ पडतो, ओल्या लाकडाचा उग्र दर्प सुटतो आणि मान हलकेच हातात येते. मग टाचेजवळून कागदाच्या जाडीएवढं लाकूड तासायचं, बसवून बघायचं, पुन्हा काढायचं. मिरजेच्या सतारमेकरांना जवारी लावताना ज्यांनी पाहिलंय, त्यांना ही चिकाटी ओळखीची वाटेल. एवढा खर्च केला की तारा मात्र हलक्या गेजच्या लावाव्यात. तीसच्या दशकातली गिटार घेऊन तिच्यावर मध्यम गेजच्या तारा चढवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. दुरुस्तीवाल्यांचं पोट त्यांच्यावरच चालतं.

बाजाराचं तर्कशास्त्र वेगळंच आहे. एरिक क्लॅप्टनची 1939ची मार्टिन 2004मध्ये 7,91,500 डॉलरना गेली, कर्ट कोबेनची 1959ची 2020मध्ये 60 लाखांवर. यात लाकडाचा वाटा किती, हा प्रश्नच फिजूल. कारखान्यानं मात्र लाकडाचंच ऐकलं. 1976मध्ये मार्टिननं एचडी-28 काढली. हेरिंगबोन परत आली, कोरलेल्या पट्ट्या परत आल्या, बत्तीस वर्षांपूर्वी टाकून दिलेली गोष्ट जास्त किमतीला. अलीकडे तर 1937च्या डी-28ची नक्कल सरस वापरून करतात आणि तबल्या भट्टीत भाजून त्यांना वय चढवतात. त्या पहिल्या एचडी-28 आता पन्नाशीला आल्यात. ब्रिजच्या मागं पोट सुटलेल्या, मान पुन्हा बसवायला आलेल्या एचडी-28 दुरुस्तीच्या दुकानांत सर्रास दिसतात, आणि त्या सोडवून नेणारे मालक पोट सपाट करू नका म्हणून बजावून जातात.