तरंगते नगर आणि प्रवाशाची सुरक्षितता

२०२४ च्या जानेवारीत ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे पर्यटन-जहाज पहिल्या सफरीस निघाले, तेव्हा ते जगातील सर्वांत मोठे होते. लांबी ३६५ मीटर, आणि सात हजारांवर प्रवासी मावतील एवढा विस्तार; जणू तरंगते नगरच! परंतु सुरक्षितता आकाराने मोजता येत नाही, हा धडा ‘कोस्ता कॉन्कॉर्डिया’ने पूर्वीच दिला आहे.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्री हे प्रचंड जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले. चार हजारांवर माणसांपैकी ३२ प्राणास मुकली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची संकटकालीन कवायत झालीच नव्हती. तत्कालीन नियमानुसार ती चोवीस तासांत घेतली तरी चालत असे. कप्तान प्रवाशांआधी जहाज सोडून गेला. मुंबईकडील एक वाढपी मात्र इतरांना साह्य करताना दिसल्याचे वाचलेल्यांनी सांगितले. त्याचे अवशेष सर्वांच्या शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडले. २०१५ पासून जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच कवायत घेणे बंधनकारक झाले.

कतारगामच्या वाचकहो, हजीऱ्याहून घोघ्याची बोट २०२० मध्ये सुरू झाली. तीत पाऊल ठेवताच जीवरक्षक जाकिटे कोठे आहेत ते पाहून ठेवावे, मुलांनाही दाखवावे आणि सूचना चालू असता गप्पा थांबवाव्या. लहान बोटीलाही हीच शिस्त तारते.