कोळसा संपत आलेली ‘गैरसोप्पा’

समुद्राच्या तळातून चांदीच्या विटा काढल्याची बातमी 2012 साली जगभर गाजली. चांदी निघाली ती ‘गैरसोप्पा’ नावाच्या बोटीतून. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन ही कंपनी आपल्या बोटींना बहुधा हिंदुस्थानातल्या गावांची नावं देत असे. हे नाव आलं ते जुन्या मुंबई इलाख्याच्या दक्षिण टोकाकडून, शरावतीकाठच्या गिरसप्प्याहून.

बोटीत तसं मिरवण्यासारखं काहीच नव्हतं. पहिल्या महायुद्धाच्या गरजेपोटी ‘वॉर रोबक’ या नावानं तिची बांधणी सुरू झाली. ती पाण्यात उतरली 1919 मध्ये, इंग्लंडमधल्या टाइन नदीवर. तोवर युद्ध आटोपलं होतं. कंपनीनं ती घेतली आणि पुढची वीस वर्षं ती मुकाट्यानं माल वाहत राहिली. सव्वापाच हजार टनांची, कोळशावर चालणारी साधी मालबोट.

दुसरं युद्ध पेटलं आणि 1940 मध्ये ती सरकारकामी लागली. अशा ताबेदारीत बोट कंपनीचीच राहते आणि खलाशीही कंपनीचेच. फक्त कोणता माल, कुठे आणि कधी न्यायचा हे सरकार ठरवतं. भाडं मालकाला मिळतं, धोका मात्र खलाशाच्या वाट्याला. डिसेंबरात कलकत्त्याला तिच्यात सुमारे सात हजार टन माल भरला गेला: बिडाचं लोखंड, चहा, टपालाच्या थैल्या आणि चांदी. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीटाउनहून 30 जानेवारी 1941 रोजी ती ‘एसएल 64’ या ताफ्याबरोबर इंग्लंडकडे निघाली.

ताफ्यात जोडीनं जायचं, तर वेग राखावा लागतो. वेग राखायचा, तर भट्टीत कोळसा ओतावा लागतो. त्यात वादळ उठलं. समोरून लाटा येत असताना जड बोट तेवढंच अंतर कापायला जास्त कोळसा खाते. खलाशांचा मुकादम सारंग, त्याच्या हाताखालचा टंडेल, भट्टीत कोळसा टाकणारे आगवाले, सगळे राबत होते, पण कोठारातला साठा काही फावड्यानं वाढत नाही. इंग्लंडपर्यंत कोळसा पुरणार नाही हे कळल्यावर कप्तान हायलंड यांनी 14 फेब्रुवारीला ताफा सोडला आणि आयर्लंडच्या गॉलवे बंदराची वाट धरली. माझ्या मते या बोटीची खरी गोष्ट चांदीत नसून या निर्णयात आहे. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग तरी कोणता होता?

दोन दिवसांनी एक जर्मन विमान डोक्यावर घिरट्या घालून गेलं. रात्री ‘यू-101’ पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. डोलकाठी कोसळली, तिच्याबरोबर बिनतारी यंत्राची तारही तुटली, त्यामुळे मदतीची हाक गेलीच नाही. बोट सुमारे वीस मिनिटांत बुडाली. निभावली ती एकच होडी, सेकंड ऑफिसर रिचर्ड एअर्स यांच्या हाताखालची. शीड लावून ती तेरा दिवस अटलांटिकच्या फेब्रुवारीतल्या गारठ्यात चालली. थंडी आणि तहान यांनी एकेक माणूस गेला. कॉर्नवॉलचा लिझर्ड किनारा दिसला तेव्हा थोडेच जण उरले होते, आणि खडकांजवळच्या लाटांत होडी उलटली. एअर्स तेवढे वाचले. बाकी 85 जण गेले. त्यांत बहुतेक हिंदुस्थानी खलाशी होते.

‘ओडिसी मरीन एक्सप्लोरेशन’ या अमेरिकी कंपनीला 2011 मध्ये बोट सापडली, सुमारे 4,700 मीटर खोल. टायटॅनिकपेक्षाही खोल. ब्रिटिश सरकारशी झालेल्या करारानुसार खर्च वजा जाता चांदीच्या किमतीतला 80 टक्के वाटा कंपनीचा होता. दोन हंगामांत 2,792 विटा, सुमारे 110 टन चांदी वर आली. त्यातल्या काही चांदीची ब्रिटनच्या टांकसाळीनं नाणी पाडली आणि त्यांच्या कडेवर बोटीचं नाव कोरलं.

मला त्याहून नवल वाटतं ते पत्रांचं. थैल्या एकमेकींखाली दाबल्या गेल्या होत्या. त्या ढिगाच्या आत उजेड नाही, प्राणवायू जवळजवळ नाही. म्हणून कागद सत्तर वर्षं टिकला. सातशेहून अधिक पत्रं निघाली. बहुतेक हिंदुस्थानातल्या गोऱ्यांनी धाडलेली. लंडनच्या पोस्टल म्युझियमनं 2018 मध्ये त्यांचं प्रदर्शन मांडलं.

भट्टीपुढच्या माणसांच्या आठवणी मात्र अशा हाती लागत नाहीत. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या सुमारे साडेसहा हजार हिंदुस्थानी नाविकांचं, आरमारातल्या आणि व्यापारी बोटींवरच्या, स्मारक तिथे आहे. त्यांच्या नावांची एक नोंदवही चितगावलाही ठेवलेली आहे. सीएसएमटीहून हार्बर लाइननं मस्जिद हे पहिलंच स्टेशन. कधी त्या बाजूला गेलात, तर चौकशी करून पाहा.